मेक्सिको ते ब्राझील: डोंगर झेपले, सिमकार्ड नाही झेपलं

ज्यांना लॅटिन अमेरिकेत फिरायचंय त्यांनी बूट, जॅकेट, उंचीवरच्या गोळ्या हे आपापलं बघा, त्यावर ढिगानं लिहिलंय लोकांनी. मी फक्त फोनबद्दल बोलणार, कारण या प्रवासात मला रडवलं ते फोननं. हे साओ पाउलोच्या बसमध्ये बसून लिहितोय, रात्रभर झोप नाही, त्यामुळे ब्राझीलबद्दल जरा जास्त कडू लागेल. लागू दे.

निघण्याआधी जे वाचलं त्या सगळ्यात एकच सूर, ई-सिम, म्हणजे फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम, टाका आणि विसरा. मी पण टाकलं, 'आख्खं लॅटिन अमेरिका एका पॅकमध्ये' म्हणून. बोलिव्हियाच्या हद्दीत शिरलो आणि नेट गायब. पॅकची यादी उघडली तर बोलिव्हिया त्यात नाहीच. कस्टमर केअरचं उत्तर, यादी आधी वाचायची असते. म्हणजे जाहिरातीत नकाशा पूर्ण रंगवायचा आणि देश बारीक अक्षरात गाळायचे! तेव्हा नियम एकच, विकत घेण्याआधी देशांची यादी एकेक करून वाचा. जिथे आठवड्याच्या वर राहणार तिथे लोकल चिपच घ्या, सिमला तिकडे बहुतेक ठिकाणी चिपच म्हणतात.

पण चिपच्या आधी फोन तपासा. फोन ज्या लहरींवर नेटवर्क पकडतो त्यांच्या पट्ट्यांना बँड म्हणतात. भारतात घेतलेल्या बऱ्याच स्वस्त फोनांमध्ये 3, 5, 8, 40, 41 हे बँड असतात, आणि तिकडे बऱ्याच देशांत काम चालतं मुख्यतः 2, 4, 28, 66 वर. बँड 28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झ, गावाबाहेर आणि जाड भिंतींच्या आत तोच पोचतो. माझ्या मित्राच्या फोनात तो नव्हता, माझ्यात होता. एकाच हॉस्टेलच्या एकाच खोलीत, एकाच कंपनीची चिप, माझ्याकडे व्हिडिओ कॉल आणि त्याच्याकडे मेसेजसुद्धा रखडत. मॉडेल नंबर टाकून बँडची यादी काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

वाटेत अमेरिकेत नातेवाइकांकडे थांबणार असाल तर अजून एक. तिथे 2022 मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी 3जी बंद केलं, आता कॉल मुख्यतः 4जी वरून जातो. एटी अँड टी आपल्या यादीतलेच फोन चालवते, तुमचा फोन यादीत नसेल तर अडकलात. बाहेरून आणलेल्या फोनला टी-मोबाइल त्यातल्या त्यात बरं.

मेक्सिकोत सोपं. टेलसेल कंपनीची चिप घ्या, ओक्सोच्या कुठल्याही दुकानात रिचार्ज होतं आणि ओक्सो दर कोपऱ्यावर. कोलंबियातही काही अडलं नाही, कार्ताहेनात मजा आली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एक, उबर मागवली की ड्रायव्हर पुढच्या सीटवर बसायला सांगतो, घाबरू नका, तिथे उबरचं कायद्यात घोंगडं भिजत पडलंय, म्हणून ओळखीचं माणूस असल्यासारखं बसायचं.

क्लारो ही फोन कंपनी बऱ्याच देशांत दिसेल, तिच्या बाबतीत डोकं शांत ठेवा. मालक एकच, मेक्सिकोचा अब्जाधीश कार्लोस स्लिम याची अमेरिका मोव्हिल, मेक्सिकोत तिचंच नाव टेलसेल. पण कोलंबियाची क्लारो, पेरूची क्लारो, ब्राझीलची क्लारो यांचे नंबर वेगळे, पॅक वेगळे, ॲपसुद्धा वेगळी. एका देशातलं रिचार्ज दुसऱ्यात चालेल असं गृहीत धरू नका. मोव्हिस्टार या दुसऱ्या कंपनीची पाटी दिसली तरी तेच, तिची स्पॅनिश मालक टेलेफोनिकानं 2025 मध्ये अर्जेंटिना, पेरू, उरुग्वे इथला धंदा विकला, जुने सल्ले आता निरुपयोगी. पेरूत रस्त्यावरच्या छत्रीखालून चिप घेऊ नका, तशी विक्री बंद आहे, पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात जा. चिलीत बाहेरचा फोन लोकल चिपवर 30 दिवस चालतो, मग आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवलेला नसेल तर बंद. अर्जेंटिना आणि चिलीत 2020 पासून आपसात रोमिंगचा जादा चार्ज नाही, ही एक गोष्ट मात्र झकास.

बऱ्याच पॅकमध्ये व्हॉट्सॲप फुकट असतं. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. डेटा संपला की मॅप बंद, टॅक्सीचं ॲप बंद, फक्त चॅट चालू, आणि फुकटात व्हॉट्सॲप कॉल येतोच असं नाही. लिमात रात्री अकराला मी असाच उभा होतो, शेवटी हॉस्टेलच्या नंबरवर मेसेज टाकला आणि त्यांनी टॅक्सी पाठवली. प्रत्येक मुक्कामाचा व्हॉट्सॲप नंबर आधीच सेव्ह करा. ऑफलाइन मॅप तर हवाच, बोलिव्हियात उयुनीच्या मिठागरापलीकडे लागुना कोलोरादा या तळ्याकडे कुठलीही चिप घालून काही उपयोग नाही.

आता इग्वासू. धबधब्याबद्दल दुसऱ्याला विचारा. तिथे अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे हे तीन देश नदीच्या अल्याडपल्याड, आणि फोनला सरहद्द कळत नाही. ब्राझीलच्या बाजूच्या फोस दो इग्वासू गावात हॉटेलात निवांत पडलो होतो आणि माझ्या भारतातल्या सिमनं पॅराग्वेचा टॉवर पकडला, रोमिंग पॅक होता तो फक्त ब्राझीलचा. सकाळी उठलो तर बिल हॉटेलच्या भाड्याच्या वर. तेव्हा त्या भागात नेटवर्क ऑटोमॅटिकवर ठेवायचं नाही, हातानं निवडायचं, आणि भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग पूर्ण बंद. बँकेच्या ओटीपीसाठी ते सिम चालू ठेवावं लागतंच, फक्त एसएमएसपुरतं ठेवा.

आणि मग ब्राझील, म्हणजे सीपीएफ. हा अकरा आकडी टॅक्स नंबर, आणि तो नसेल तर तुम्ही तिथे माणूसच नाही. प्रीपेड चिप चालू करायला सीपीएफ, बऱ्याच ॲपमध्ये नोंदणीला सीपीएफ, सुपरमार्केटात साबण घेतला तरी काउंटरवरची बाई विचारते सीपीएफ. पासपोर्टवर चिप मिळते म्हणतात, मिळते, पण एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, तिथून कंपनीच्या मोठ्या दुकानात, तिथे टोकन घेऊन रांग. विमानतळावरच्या एका गाळ्यात मला 'परदेशी लोकांसाठी खास' म्हणून जी चिप दाखवली तिची किंमत शहरातल्या भावाच्या कितीतरी पट. सरळ हात जोडून निघालो. पिक्स तर विसराच, रिझर्व्ह बँकेसारख्या तिथल्या मध्यवर्ती बँकेनं 2020 मध्ये आणलेली ही आपल्या यूपीआयसारखी सोय, नारळपाणीवाल्याकडेही कोड लावलेला, पण तिथलं खातं नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही नुसते बघत बसायचं.

उपाय आहे. सीपीएफ परदेशी माणसालाही मिळतो, अर्ज रेसेइता फेडेराल, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या साइटवर. मुंबईत ब्राझीलचं कॉन्सुलेट आहे, तिथे चौकशी करून निघण्याआधीच नंबर काढून ठेवा. हा एवढा एक सल्ला घेतलात तरी पुष्कळ.

ॲप डाउनलोडचं वेगळंच नाटक. प्ले स्टोअर म्हणतं, हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही. मेन अकाउंटचा देश बदलू नका, वर्षातून एकदाच बदलता येतो आणि मग भारतातली ॲप अडतात, वॉलेटमधले पैसे जुन्या देशात राहतात. तिथे पोचल्यावर नवीन गूगल अकाउंट काढा, तो बहुतेक त्याच देशाचा धरला जातो. आयफोनवाल्यांनी दुसरा ॲपल आयडी फक्त स्टोअरपुरता लावावा.

साओ पाउलोत आवेनिदा पाउलिस्तावर फोन हातात धरून मॅप बघत चालू नका, बाईकवाले उचलतात. दुकानात शिरा, बघा, खिशात टाका, मग बाहेर. चोरीचा फोन बंद करायला सरकारचं सेलुलार सेगुरो नावाचं ॲप आहे डिसेंबर 2023 पासून, त्यालाही अर्थात सीपीएफ लागतो.

आणि व्हॉट्सॲप 'नंबर बदलायचा का' विचारेल तेव्हा नाही म्हणा. रिचार्ज थांबलं की तिकडचा प्रीपेड नंबर काही काळानं दुसऱ्या कुणाला जातो. माझ्या चिपवर कुणा भलत्याच माणसाच्या थकलेल्या हप्त्यांचे फोन येतायत, आत्ता बसमध्ये पण आला एक.