जॉइसच्या किचनमधलं भांडण

मी लंडनमधे मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या क्लासला नाटक शिकवते, सगळे कामावरून थेट आलेले असतात, कोणी केअर होममधून, कोणी बस चालवून, कोणी ऑफिसातून. त्या दिवशी कॅरिल चर्चिलच्या 'टॉप गर्ल्स'चा शेवटचा अंक होता. नाटक १९८२ मधे रॉयल कोर्ट थिएटरला आलं, म्हणजे पंतप्रधान थॅचरबाईंचा काळ. मार्लीन लंडनच्या एम्प्लॉयमेंट एजन्सीत वर चढलेली, बहीण जॉइस गावाकडे सफोकमधे, चार ठिकाणी साफसफाई करून अँजीला वाढवतेय, आणि अँजी खरंतर मार्लीनची मुलगी.

केअर होममधल्या बाईंना मी जॉइस वाचायला दिली आणि बँकेत मॅनेजर असलेल्या बाईंना मार्लीन. मार्लीन म्हणते मी क्लासबिस, म्हणजे वर्गभेद, मानत नाही, अंगात धमक असेल तर कोणीही काहीही करू शकतं, आणि जॉइस एवढंच विचारते की ज्यांच्यात नाही त्यांचं काय? इथे आमच्या जॉइसने पुस्तक खाली ठेवलं आणि स्वतःच बोलायला लागली, दर आठवड्याला आईला बघायला कोण जातं ते सांग ना मला! दुसरी पण तापली, म्हणाली पैसे कोण पाठवतं, मी घर सोडलं नसतं तर आम्ही दोघी तिथेच अडकलो असतो. आता ती मार्लीनबद्दल बोलत नव्हती हे सगळ्यांना कळलं. मी मधे पडले नाही.

मला हेच कायम वाटत आलंय, १९५६ नंतरच्या ब्रिटिश नाटकात वर्गाचं खरं भांडण मालक आणि कामगार यांच्यात नाही, घरात आहे, एका ओट्यापाशी. ऑस्बर्नच्या १९५६ च्या 'लुक बॅक इन अँगर' नाटकातला जिमी शिकलेला असून गोळ्या-चॉकलेटचा स्टॉल चालवतो, सासरा १९४७ पर्यंत भारतात असलेला कर्नल, पण जिमीचा सगळा राग निघतो कुणावर तर इस्त्री करत उभ्या असलेल्या बायकोवर, अ‍ॅलिसनवर. जिमीच्या रागाचं लोकांनी फार कौतुक केलंय, मला ते पटत नाही, त्याची किंमत अ‍ॅलिसन मोजते. वेस्करच्या 'रूट्स' नाटकात सुद्धा बीटी नॉरफोकला शेतमजूर आईबापांकडे येते आणि आपल्या प्रियकराचे, रॉनीचे, शब्द त्यांच्यावर फेकत राहते, स्वतःचे शब्द सापडतात ते त्याने सोडल्यावर.

ब्रेकनंतर त्या दोघीच म्हणाल्या रोल बदलून वाचतो. मॅनेजरबाईंनी जॉइस वाचली ती त्यांच्या उत्तरेकडच्या माहेरच्या बोलीत, जी त्यांनी क्लासमधे आधी कधीच काढली नव्हती, आणि काय वाचली! शेवटी मार्लीन म्हणते आपण तरी मैत्रिणी आहोत ना, आणि जॉइस सरळ नाही म्हणते. यावर परत वाद, बहिणीला असं तोडून बोलायचं का.

बस ड्रायव्हर काका तोवर गप्प होते. हा शेवटचा अंक आधीच्या वर्षी घडतो, म्हणजे अँजीचं लंडनला मार्लीनच्या ऑफिसात येणं आपण आधीच बघितलेलं असतं. त्यांनी पानं मागे उलटली आणि मार्लीन ऑफिसातल्या विनला अँजीबद्दल काय सांगते ते वाचलं, की ही काही पुढे जाणार नाही. पोटच्या पोरीबद्दल.

"मग जॉइसने मैत्रीला हो कशाला म्हणायचं?" काका म्हणाले. मॅनेजरबाई म्हणाल्या, "पण मार्लीनला ती पोर त्या गावात वाढवता आली असती का, ते पण सांगा." बिल्डिंग बंद करायची वेळ झाली तरी कोणी उठेना.