हायपोची बाटली आणि आमची लॅब

सोलापुरात १९८४ साली, एक जुना एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायचे यंत्र), तीन ट्रे आणि एक लाल दिवा एवढ्या सामग्रीवर आम्ही कृष्णधवल फिल्म धुण्याचा व छापण्याचा व्यवसाय सुरू केला. डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, २० अंश तापमान लागते आणि मे महिन्यात नळाला कोमट पाणी येते, त्यामुळे लादीचा बर्फ फोडून बाटल्या गार करणे हे दिवसाचे पहिले काम असे. पुढची सात वर्षे बरी गेली.

१९९१ च्या लग्नसराईत मात्र कुलूप लावायची वेळ आली. पहिल्या दिवसापासून काम देणाऱ्या स्टुडिओवाल्या काकांनी पुतणीच्या लग्नाचे चार रोल दिले होते. बाटल्या सारख्याच तपकिरी, लेबल पाण्याने निघालेले, आणि आमच्या मदतनिसाने टाकीत डेव्हलपरच्या आधी हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे द्रावण, ओतला. प्रकाश लागलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकावर चांदीचे जेमतेम काही अणू साचतात. डेव्हलपर त्यांच्या आधाराने अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करतो, तेव्हा कुठे चित्र दिसू लागते. उरलेले स्फटिक विरघळवणे हे हायपोचे काम. तोच आधी गेल्यामुळे त्याने सरसकट सगळे नेले. टाकी उघडली तेव्हा फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. कडेचे फ्रेमचे आकडेसुद्धा उरले नव्हते.

काका पंधरा दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच दोन रोल घेऊन आले, टाकीपाशी उभे राहिले आणि प्रत्येक बाटली हुंगून मगच ओतू दिली. अखेरपर्यंत त्यांनी दुसरीकडे काम दिले नाही.

समोरच्या रंगीत लॅबवाल्या गृहस्थांनी मात्र हा प्रसंग गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे ऐकवला. त्यांच्या रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदी उरतच नाही, ब्लीच आणि फिक्समध्ये ती निघून जाते व मागे नुसते रंग राहतात, हे त्यांना कोणी विचारले नाही.

नव्याने डार्करूम थाटणाऱ्यांनी लेबलावर विसंबू नये. फिल्मच्या तोंडाचा, उजेड लागलेला तुकडा द्रावणात टाकावा : काळा पडला तर डेव्हलपर, पारदर्शक झाला तर हायपो. पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवावी. घाई केल्यास पुढे निगेटिव्ह डागाळते.

त्या गृहस्थांच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मागच्या वर्षी ते वडिलांची एक कृष्णधवल निगेटिव्ह छापायला घेऊन आले होते. प्रिंट उत्तम काढून दिली. दर पूर्ण लावला.