राखणदाराचं कवच

सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत पेन ड्राइव्ह होता, त्यात एकोणतीस स्लाइड होत्या, आणि निव्वळ सवयीने घेतलेलं ठशांचं सामान होतं. हातकागदाची गुंडाळी, मऊ केसांचा ब्रश, ठोकायचा जाड ब्रश, शाईची डबी, कापसाची कापडात बांधलेली गादी. अठरा वर्षं मी शिलालेखांचे ठसे घेते आहे, त्यामुळे हे सामान घरी ठेवून निघालं की घराला कुलूप लावायचं विसरल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र ते लागणार नव्हतं. मला फक्त बोलायचं होतं.

अलिबाग तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही; का, ते पुढे येईलच. त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमा जागतिक वारसा सप्ताहाच्या, म्हणजे १९ नोव्हेंबरच्या, अगदी तोंडावर आली होती. गावातल्या पोरांनी दोन्ही एकत्र करायचं ठरवलं होतं. संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर त्रिपूर लावायचा, त्याआधी शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन, आणि मधे 'आपल्या गावाचा गौरवशाली इतिहास' या विषयावर माझं व्याख्यान. विषय त्यांनीच दिला होता. फ्लेक्सवर शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे आणि वाढदिवस असल्यासारखे हसणारे सात कार्यकर्ते. 'दोन हजार वर्षांचा वारसा' अशी ओळ. हे दोन हजार कुठून आले, असं मी फोनवर विचारलं होतं. "मॅडम, शंभर-दोनशे इकडेतिकडे," असं उत्तर आलं होतं.

शाळेतलं प्रदर्शन मात्र झकास होतं. पायली, शेर, अधोलीची मापं, मिठागरातली लांब दांड्याची फळी, विणायच्या सुया अडकलेलं अर्धवट जाळं, कुणाच्या तरी आजोबांचा मुंबईतल्या गिरणीचा बिल्ला. प्रत्येक वस्तूपुढे पोरांनी वहीच्या कागदावर लिहिलं होतं, ती कुणाच्या घरची आणि तिचं काय करायचे. अशा नोंदी मोठ्या संग्रहालयांतही क्वचित सापडतात. मी ते वाचत उभी होते, तेवढ्यात एक मुलगा धावत आला. "मॅडम, लवकर चला. राखणदार फुटला."

तळ्याच्या काठावर, देवळाच्या मागच्या अंगाला, गावाचा राखणदार होता. शेंदराचा एक उंच गोल ठोकळा, वर चांदीचे डोळे चिकटवलेले. कार्यक्रमासाठी परिसर साफ करायला पोरांनी गाड्या धुवायचा पंप आणला होता. पाण्याचा फवारा कडेच्या भेगेत गेला आणि शेंदराचं सगळं कवच एका बाजूने सुटून खाली आलं. चार बोटं जाड. तुटलेल्या कडेला थर दिसत होते, झाडाच्या बुंध्यात दिसतात तसे. केशरी, तपकिरी, जवळजवळ काळा, पुन्हा केशरी.

सभोवती पंधरा-वीस माणसं होती आणि कुणीही बोलत नव्हतं. मला आधी वाटलं, देव फुटला म्हणून सुन्न झालेत. मग मी दगडाकडे पाहिलं.

काळ्या पाषाणाची साधारण चार फुटी शिळा. माथ्यावर चंद्र, सूर्य आणि मधे कलश. मधल्या भागात झिजलेल्या ओळी. आणि खालच्या चौकटीत एक बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव. शेंदराखाली राहिल्यामुळे कोरीव काम इतकं ताजं होतं, की गाढवाच्या कानाची आतली रेघसुद्धा दिसत होती.

गधेगाळ. गाळ म्हणजे शिवी, गधेगाळ म्हणजे गाढवाची शिवी. कोकणातल्या शिलाहार राजांच्या आणि पुढे यादवांच्या काळात राजा किंवा त्याचा अधिकारी जमीन दान द्यायचा, तेव्हा असा दगड उभा करायचे. चंद्रसूर्य यासाठी, की ते आहेत तोवर हे दान चालावं. मधे दानाचा मजकूर. आणि जो कुणी हे दान मोडेल, जमीन हडपेल, त्याच्या आईला खालच्या चित्राप्रमाणे होवो, अशी धमकी. वाचता येणाऱ्याला अक्षरं, न येणाऱ्याला चित्र. परळला सापडलेल्या इ.स. ११८७ च्या लेखात तर ही शिवी सरळ मराठीत, एकही शब्द न गाळता कोरली आहे, आणि मजा म्हणजे वरचा मजकूर संस्कृत आहे. तो दगड आज मुंबईच्या संग्रहालयात आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध लेखही गधेगाळच. मराठीचा आद्य लेख म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्याच्या पायाशी काय कोरलंय हे अभिमान बाळगताना कुणी सांगत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं आणि तोंडातून निघालं एवढंच: "कुणीही हात लावू नका."

हात लावू नका म्हणण्याचं एक साधं कारणही होतं. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. दोन लहान मुलं त्याचे तुकडे गोळा करत होती. त्यांना आधी हात धुवायला पाठवलं.

मग बैठक बसली. अध्यक्ष, गुरव, मुख्याध्यापक, पंपवाला मुलगा (तो रडत होता) आणि मी. पाच वाजता पाहुणे येणार. अध्यक्षांचं म्हणणं, दगड उचलून देवळामागच्या खड्ड्यात पालथा घालू, पौर्णिमा झाल्यावर बघू. असे पालथे घातलेले गधेगाळ मी बरेच पाहिलेत. काही पायऱ्यांना लावलेले, काहींवर कपडे धुतात. मी म्हणाले, शिळा जागची हलली की तिचा अर्धा अर्थ गेला, कारण जमीन कुठली ते तिची जागा सांगते. शिवाय पुरातत्त्व विभागाला कळवावं लागेल, आजच फोटो पाठवते. अध्यक्षांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, पोरांनी फोटो काढलेत. सगळ्यांच्या मोबाइलवर गेलेत. आता लपवून काय होणार?"

गुरवबुवा इतका वेळ गप्प होते. त्यांनी मला एकच विचारलं. "म्हणजे हा देव नव्हताच?"

याचं उत्तर मी तयार ठेवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "जमिनीची राखण करायलाच उभा केला होता, बुवा. राखणदारच आहे." हे मी त्यांची समजूत काढायला म्हटलं, पण बोलल्यावर वाटलं, चुकीचंही नाही. दगडाचं काम लोक विसरले, मजकूर वाचता येईना, पण हा कशाची तरी राखण करतो एवढं गावाने धरून ठेवलं. निदान मला तसं वाटायला आवडतं. बुवांनी कवचाचे तुकडे लाल कापडात बांधले आणि देवळात नेऊन ठेवले. तळ्यात विसर्जन करू नका, त्यात मासे आहेत, एवढं मी मागे लागून सांगितलं.

ठरलं असं, की पाहुणे जाईपर्यंत शिळेवर पांढरी चादर टाकायची. बदल्यात मला दुपार मिळाली.

ठसा घ्यायला घाई चालत नाही. आधी नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. खाचांत अडकलेला शेंदूर मी उकरला नाही. तो काढणं हे दगडांवर उपचार करणाऱ्यांचं काम आहे, माझं नाही. मग कागद भिजवून दगडावर बसवायचा, मधून बाहेरच्या बाजूला हवा काढत न्यायची, आणि जाड ब्रशने ठोकत राहायचं, कागद अक्षराच्या खाचेत उतरेपर्यंत. जास्त ठोकलं तर फाटतो, कमी ठोकलं तर खोट्या रेघा उठतात. कागद अर्धवट वाळला की गादीने शाई टिपायची. वर आलेला दगड काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. पोरं माझ्याभोवती कोंडाळं करून बसली होती. पहिलं 'स्व' उमटलं तेव्हा एकजण म्हणाला, "अरे, हे तर वाचता येतंय!" पंपवाल्या मुलाला मी शाईची डबी धरायला दिली होती. तो आता रडत नव्हता.

पाच ओळी. पहिलीच्या सुरुवातीला 'स्वस्ति श्री' स्पष्ट. दुसरीत 'सकु', म्हणजे शक, आणि त्याच्यापुढे, जिथे आकडा असायला हवा, तिथे दगडाचा टवका उडालेला. पंपाने नव्हे. कडा जुन्या, काळ्या पडलेल्या होत्या. कुणीतरी कधीतरी पहार मारली असणार. बाकी ओळींत सुटी अक्षरं. ठसा मी शेजारच्या घरी वाळायला टाकला, दोरीवर, दोन नऊवारींच्या मधे.

पाहुणे सहाला आले, सव्वासहाला बोलले, साडेसहाला गेले. मग माझी पाळी.

समोर दोनशेच्या आसपास माणसं, पुढे सतरंजीवर बायका आणि मुलं. अध्यक्षांनी माइक देताना कुजबुजत सांगितलं, "मॅडम, तुम्ही बाईमाणूस, ते दगडाचं जरा सांभाळून." मी एकोणतीसपैकी चार स्लाइड दाखवल्या आणि पाहिलं, तर सगळे चादरीकडे बघत होते. तेव्हा लॅपटॉप मिटला आणि दगडाबद्दल बोलायला लागले. शिलाहार, दान, चंद्रसूर्य. मग तो भाग आला आणि मी चक्क घाबरले. "शापवचन," म्हणाले. "अशोभनीय दृश्य," म्हणाले. "दान मोडणाऱ्याच्या मातेविषयी अनुचित अशी..." असं काहीतरी. परिषदांमधे मी हाच शब्द न अडखळता उच्चारते. तिथे तो तळटिपेत असतो.

पहिल्या रांगेतून एक आजी उठल्या. ऐंशीच्या तरी असतील, आगरी पद्धतीचं आडवं लुगडं. "बाला, आयशीवरून शिवी दिलीय, असं बोल ना. आमाला काय म्हाईत नाय?"

सगळा मंडप हसला. मीही हसले, आणि मग नीट सांगितलं, जसं आहे तसं. मुलं खिदळली, मुख्याध्यापकांनी छताकडे पाहिलं, आणि तेवढंच. आकाश कोसळलं नाही. मागून एक पुरुषाचा आवाज आला, "जमीन खाणाऱ्याला शिवी ना? मग आमच्या गावात गाढवं कमी पडतील!" यावर जो हशा झाला त्यात मंचावरचे दोघे सामील नव्हते. त्या बाजूला बंगल्यांसाठी जमिनी कशा गेल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

पण आजी बसल्या नव्हत्या. हशा ओसरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "जमीन खाल्ली त्यानी. मग गाढव त्याचे आयशीवर कनाला? तिचा काय गुना?"

माझ्याकडे उत्तरं होती. इभ्रतीची कल्पना, मातेचं स्थान, भूमीला माता मानण्याशी काही अभ्यासक जोडतात तो संबंध. यावर मी निबंध वाचलेत, एक स्वतः लिहिलाय. त्यात आईचा गुन्हा काय, हा प्रश्न नाही. अठरा वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. ठशावर ती बाई म्हणजे 'खालचे शिल्प', अमुक बाय अमुक सेंटिमीटर. मी म्हणाले, "आजी, तिचा काही गुन्हा नाही. तरी तिच्यावर का, ते मला सांगता येत नाही."

"मग शिकलीस काय?" म्हणाल्या आणि बसल्या.

यानंतर व्याख्यान पुढे नेण्यात अर्थ नव्हता. प्रश्नच सुरू झाले. दान मिळालेली जमीन कुठली असेल? देवळाची की तळ्याची? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, की तळ्याच्या पलीकडच्या तुकड्याला त्याचा आजा देवाची जमीन म्हणायचा. मी नाव आणि गट क्रमांक लिहून घेतला. शिळेचं काय करायचं यावर वाद झाला. पुन्हा शेंदूर लावा म्हणणारे होते, संग्रहालयात द्या म्हणणारे होते. विभागाचं उत्तर येईपर्यंत शिळा आहे तिथेच ठेवायची, वर पत्रा टाकायचा, शेंदूर लावायचा नाही, पण नारळ-फूल बंद करायचं नाही, इथवर मंडळी आली. दोन-तीन घरचे लोक मधेच उठून गेले. त्यांना हे पटलेलं नव्हतं.

आठच्या सुमाराला त्रिपूर लागला. तळ्याच्या चारी बाजूंच्या पायऱ्यांवर पणत्या. पाण्यात एकेक दिवा दोन दिसत होता. चादर कुणी काढली, कळलं नाही. शिळेभोवतीही कुणीतरी पणत्या मांडल्या होत्या, अगदी जमिनीलगत, आणि त्या तिरप्या उजेडात दगड दुपारपेक्षा वेगळा दिसत होता. तिरप्या उजेडात उथळ खाचा सावली धरतात. आम्ही मुद्दाम टॉर्च आडवा धरून असं करतो. मी गुडघ्यांवर बसले, पंपवाल्या मुलाला मोबाइलचा टॉर्च डावीकडून धरायला सांगितला. ठशात न आलेली तीन अक्षरं तिसऱ्या ओळीत उठली. 'देवा'. पुढे 'सि' असावं. देवासी. देवाला. शेतकऱ्याचा आजा आठवला, पण तीन अक्षरांवर इतकं बांधायचं नसतं. मी ती फक्त वहीत उतरवली, तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह घालून.

मागे आजी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पणती.

"काय लिवलंय?"

"वरती 'स्वस्ति श्री' आहे, आजी."

"म्हंजे?"

"सगळ्यांचं भलं होवो."

त्यांनी दगड वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "वर भला, नि खाली गाढव," म्हणाल्या. मग वाकून, लग्न होऊन गावात आल्यापासून जिथे ठेवत आल्या होत्या तिथेच, पणती ठेवली आणि मला म्हणाल्या, "ऊठ आता. हाताला शाई हाय तुज्या. घरी चल, साबन देते."