आठशे चाळीस ग्रॅम तांबं

आमच्याकडे तांब्याचं काम आहे, म्हणजे चोरी होणारच असं धरूनच सगळे चालतात. मी रबाळे एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत एचआरला आहे. एचआर म्हणजे लोकांना वाटतं इंटरव्ह्यू आणि रांगोळी स्पर्धा, पण फॅक्टरीत एचआर म्हणजे हजेरी, कॅन्टीनच्या भाजीच्या तक्रारी, भांडणं आणि अधूनमधून असं एखादं प्रकरण.

२०२४ ची दिवाळी तोंडावर आली होती. बोनस कधी पडतो म्हणून युनियनवाले रोज एक चक्कर मारून जायचे. पहिली शिफ्ट सुटली आणि सिक्युरिटीचा फोन, मॅडम जरा गेटवर या. आवाजावरूनच कळलं की काहीतरी सापडलंय.

गेटवर डबे उघडून बघतात आमच्याकडे, रोज, सगळ्यांचे. वाइंडिंग सेक्शनच्या, म्हणजे तांब्याची तार गुंडाळून कॉइल बनवतात तिथल्या, एका काकांच्या डब्यात खालच्या पुडात तांब्याच्या तारेचे तुकडे निघाले. कसेतरी कोंबलेले नाहीत, सगळे एका मापाचे, हाताने सरळ केलेले, वर दोऱ्याची गाठ मारून प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरच्या पुडात उरलेली अर्धी पोळी. सरळ केलेली तार बघून मला पहिल्यांदा हेच वाटलं की हा माणूस चोरीतसुद्धा काम नीट करतोय. स्टोअरमधला काटा आणला, ८४० ग्रॅम भरलं. भंगारवाला तेव्हा किलोला सहाशेच्या आसपास देत होता, म्हणजे झाले पाचशे रुपये. कंपनीत बावीस वर्षं झालेली त्यांची.

मी केबिनमध्ये पोचायच्या आधी कॉन्ट्रॅक्टच्या दोन पोरांनी त्यांना कानफटात मारून झालं होतं. कशासाठी? ती पोरं लोडिंगला, त्यांचा वाइंडिंगशी संबंधसुद्धा नाही. पण चोर सापडला म्हटलं की ज्याचा त्याचा हात मोकळा होतो, बाकी कुणावर काढता येत नाही तो सगळा राग तिथे निघतो. मी त्या दोघांना बाहेर काढलं आणि सुपरवायझरला सांगितलं की आता परत कुणी हात लावला तर पहिली नोटीस तुम्हाला. खुर्ची रिकामी होती तरी काका खाली फरशीवर बसलेले. म्हटलं वर बसा काका. म्हणाले, "बरं आहे मॅडम इथंच."

का केलंत विचारलं. मला वाटलं होतं आजारपण वगैरे सांगतील. म्हणाले, पोराच्या बाईकचा हप्ता आहे. आणि मग थोड्या वेळाने, "ते भंगारातच जाणार होतं ना." एवढंच. रडले नाहीत, पाया पडले नाहीत. खरं सांगते, रडले असते तर मला सोपं गेलं असतं.

प्लांट हेड साहेबांचं म्हणणं एकच, पोलीस बोलवा. एकाला चांगला धडा मिळाला की बाकीचे सरळ होतात, फोटो काढा, कॅन्टीनच्या बोर्डावर लावा. फोटोला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पोलिसांचं आधी वकिलांना विचारू असं सांगून वेळ काढला.

आमचे वकील ठाण्याच्या लेबर कोर्टात असतात, फोनवर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. त्याच महिन्यात आमच्या गेटबाहेर फूटपाथला लागून ठेवलेले केबलचे तुकडे एक पोरगा उचलून नेताना सापडला होता, माल चार हजारांच्या आसपास. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि विषय संपला, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदा दोषी ठरलेला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर जेल नाही, कम्युनिटी सर्व्हिस. हे सगळं कलम ३०३ मध्ये. आता काकांचं घ्या. नोकराने मालकाचा माल चोरला तर ते वेगळं कलम, ३०६, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तिथे पाच हजारांची सूट वगैरे काही नाही. दखलपात्र, अजामीनपात्र. म्हणजे चार हजारांचं बाहेरच्याने नेलं तर एनसी, आणि पाचशेचं आतल्या माणसाने नेलं तर अटकसुद्धा होऊ शकते.

यामागचं लॉजिक मला कळतं हां. घरच्या माणसाने चोरी केली तर जास्त लागतं, विश्वासाचा प्रश्न असतो. कंडक्टरने तिकिटाचे पैसे खिशात घातले तर रक्कम किती छोटी आहे हे बघायचं नाही, विश्वास गेला हे बघायचं, असं सुप्रीम कोर्टाने किती वेळा म्हटलंय. मान्य. पण विश्वास गेला तर नोकरी जावी, त्यासाठी ठाण्याच्या जेलमध्ये आधीच कोंबलेल्या बराकीत अजून एक माणूस कशाला? आणि बाहेरच्यांसाठी कायद्यात जी छोटी, माणसासारखी शिक्षा ठेवलीय, ती प्रत्यक्षात मिळते कुणाला? तपासच होत नाही तर केस कोर्टात जाणार कधी आणि तो पोरगा कुठली बाग झाडणार? मग लोक म्हणतात कायदा काही करत नाही आणि कानफटात मारतात. एकतर काहीच नाही, नाहीतर मार, मधलं काही घडतच नाही.

संध्याकाळी मी वाइंडिंगला गेले. मला वाटलं होतं तिथे काकांच्या बाजूने बोलतील, युनियन पेटेल. उलटंच झालं. दोन-तीन महिने स्क्रॅपचा हिशोब लागत नव्हता म्हणून अख्ख्या सेक्शनचा इन्सेंटिव्ह अडकवून ठेवला होता कंपनीने, आणि तिथली एक ताई मला तोंडावर म्हणाली, "मॅडम, माझा डबा रोज उघडतात, नवऱ्याला सांगायची लाज वाटते, आणि यांनी बाईकचे हप्ते भरले आमच्या इन्सेंटिव्हवर?" तिला काय उत्तर देणार. दया दाखवायची म्हटली तरी ती कुणाच्या खिशातून दाखवतोय हे बघायला लागतं. युनियनचे सेक्रेटरीसुद्धा एवढंच म्हणाले, पोलीस नको, इन्क्वायरी करा, बाकी आम्ही मधे येत नाही.

आता दुसरी बाजू पण सांगते. आदल्या वर्षी आमच्या स्क्रॅप कॉन्ट्रॅक्टरचा टेम्पो रिकामा वजन करताना त्यात भरलेले पाण्याचे ड्रम ठेवलेले सापडले होते. रिकाम्या गाडीचं वजन जास्त दाखवायचं, ड्रम बाहेर ओतायचे आणि तेवढं तांबं फुकट न्यायचं. एका खेपेला नव्वद किलोच्या वर. त्याचं काय झालं? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केला नाही. बस. त्याला कुणी कानफटात मारलं नाही, त्याचा फोटो बोर्डावर लावा असं कुणाला सुचलंही नाही, निरोपाच्या मीटिंगला चहा-बिस्किटं होती. मी मीटिंगमध्ये ही आठवण काढली तर प्लांट हेड म्हणाले, "ते कमर्शियल मॅटर होतं."

तरी साहेब पोलिसांवर का अडून बसले होते ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना झालेल्या वर्षांच्या हिशोबाने कंपनीने द्यायची रक्कम. काकांचा शेवटचा बेसिक-डीए १८,००० आणि बावीस वर्षं, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आणि महिना सव्वीस दिवसांचा या हिशोबाने २,२८,४६१ रुपये होत होते. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कलम ४(६) होतं, नोकरी करताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला म्हणून काढलं तर अख्खी ग्रॅच्युइटी जप्त करता यायची. पण तेव्हाच्या निकालांप्रमाणे त्यासाठी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायला लागायचा. म्हणून एफआयआर. म्हणजे पाचशे रुपयांच्या तांब्यामागे सव्वादोन लाख वाचवायचे, आणि त्याला नाव शिस्तीचं.

हे मी मीटिंगमध्ये याच शब्दांत बोलले नाही, नोकरी मलाही करायचीय. मी म्हटलं सर, एफआयआर केला तर केस किती वर्षं चालेल सांगता येत नाही, तारखांना आपला स्टोअरचा माणूस आणि वॉचमन जाणार, उद्या सुटले तर ग्रॅच्युइटी व्याजासकट द्यायची. हे पटलं. माणुसकीचं बोलले असते तर पटलं नसतं.

मग रीतसर केलं सगळं. सस्पेन्शन, निम्मा पगार निर्वाह भत्ता, चार्जशीट, बाहेरचे इन्क्वायरी ऑफिसर. काकांनी पहिल्याच तारखेला लिहून दिलं की मी नेलं. नोकरीवरून काढलं, आणि त्यात मला अजूनही काही चूक वाटत नाही, त्या ताईच्या डोळ्यासमोर त्यांना परत त्याच टेबलावर बसवणं मला जमलं नसतं. ग्रॅच्युइटीतून फक्त नुकसानीएवढी रक्कम कापली, तेवढी कापायची सोय त्याच कलमात होती. ८४० ग्रॅमचे पैसे कापून बाकीचा चेक दिला. माल आपल्याकडे परत आलाय, मग नुकसान कसलं, असं अकाउंट्सची मुलगी म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं, पण एवढं तरी कापल्याशिवाय वरून सही होत नव्हती.

नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ग्रॅच्युइटी जप्त करायला कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. साहेबांनी मला तो मुद्दाम फॉरवर्ड केला, खाली अंगठा. मी पूर्ण वाचला. त्यातच एसटीच्या कंडक्टरांची प्रकरणं होती, रक्कम किरकोळ आहे म्हणून त्यांची अख्खी नाही, २५ टक्केच ग्रॅच्युइटी जप्त करायची असं कोर्टाने सांगितलंय. तो भाग हायलाइट करून मी परत पाठवला. त्यावर अंगठा आला नाही.

काका चेक घ्यायला आले तेव्हा सर्व्हिस सर्टिफिकेट मागितलं. मी तारखा आणि पद लिहिलं, सोडण्याचं कारण लिहिलं नाही. त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पोरानं बाईक विकली."

पुढे महापेच्या एका छोट्या वर्कशॉपमधून व्हेरिफिकेशनचा फोन आला. तारखा बरोबर आहेत म्हणून सांगितलं. तिकडची मुलगी नवीन असावी, फॉर्मवरचे प्रश्न एकेक वाचत होती, काम कसं, वागणूक कशी, इंटिग्रिटी कशी. मी म्हटलं, वाइंडिंगमध्ये त्यांच्या हाताला तोड नाही, सकाळी तांबं वजन करून द्या आणि संध्याकाळी स्क्रॅप वजन करून परत घ्या. ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, म्हणजे तेच, आमच्याकडे पण आता सगळ्यांनाच असं देतो.