वाक्याचं शेपूट गिळायचं नाही : भाषणाच्या सरावाची नोंद

या तिमाहीत फक्त आवाजावर काम करायचं ठरवलं होतं. स्लाइड, हातवारे, विनोद सगळं बाजूला. त्यातून जे हाती लागलं ते भाषणाच्या क्लबपेक्षा कारखान्यात जास्त कामी येतंय, म्हणून आधी तेच सांगते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी चाकणजवळ एका कारखान्यात क्वालिटीला आहे. रोज सकाळी लाइनवर उभ्याउभ्या मीटिंग, महिन्यातून एकदा मॅनेजमेंट रिव्ह्यू, आणि ग्राहकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल) घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. ऑफिस सुटल्यावर टोस्टमास्टर्स, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचा क्लब. आमच्या क्लबात मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतं.

तर रेकॉर्डिंग. स्वतःचं भाषण मोबाइलवर ऐका, असं जो तो सांगतो आणि जो तो टाळतो. कारण तो आवाज आपला वाटतच नाही. बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. एवढंच कारण आहे. दोन-चार वेळा भांडी घासताना लावून ठेवलं की सवय होते, आणि मग खरं ऐकू यायला लागतं.

मला ऐकू आलं ते असं : वाक्य सुरू होतं खणखणीत, आणि संपतं पुटपुटत. इंग्रजीत हे बऱ्यापैकी खपतं, कारण क्रियापद आणि नकार वाक्याच्या पहिल्या अर्ध्यातच येऊन गेलेले असतात. मराठीत सगळा निकाल शेवटी. ‘फिक्स्चर दुरुस्त होऊन शुक्रवारपर्यंत ट्रायल होणार नाही’ हे वाक्य कॉम्प्रेसरच्या आवाजात म्हणून बघा. छातीतली हवा ‘ट्रायल’पाशी संपते. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कानात पडतं, ‘शुक्रवारपर्यंत ट्रायल होणार’.

म्हणून सराव साधा ठेवला. रात्री दुसऱ्या दिवशीचे मुद्दे मोठ्याने म्हणायचे आणि जोर मुद्दाम शेवटच्या शब्दावर द्यायचा. सुरुवातीला ते नाटकातल्या राजासारखं वाटतं. घरचे हसतात, हसू द्यावं. मग हळूहळू कमी करत आणायचं. वाक्य एका श्वासात मावत नसेल तर ते दोन वाक्यं आहेत असं समजायचं. ‘त्यामुळे’ किंवा ‘कारण’च्या आधी थांबायचं, नंतर नाही. आणि वाक्य संपलं की ओठ मिटायचे, अगदी खरोखर. मिटलेल्या तोंडातून ‘अँ’ निघत नाही.

यावर आमच्याकडे थोडा वाद आहे. आह-काउंटर, म्हणजे सभेत असे अडखळते शब्द मोजणारा सदस्य, दर सभेला ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय आहे ना’ मोजून आकडा वाचून दाखवतो, आणि माणूस पुढच्या वेळी तो आकडा कमी करायच्या नादात मुद्दा विसरतो. माझं मत असं, की भरतीचे शब्द हा आजार नव्हे, लक्षण आहे. पुढचं वाक्य ठरायच्या आत तोंड सुरू झालं की ते येणारच. वारकरी कीर्तनात बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी तो उचलतात. तेवढ्यात बुवांना श्वास मिळतो आणि पुढचा दाखलाही आठवतो. रिव्ह्यू मीटिंगमध्ये मागे टाळकरी नसतात, म्हणून ती जागा आपली आपण रिकामी सोडायची. आपल्याला तो थांबा फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तपासून बघा.

दुसरी प्रगती टेबल टॉपिक्समधून, म्हणजे क्लबातल्या आयत्या वेळच्या भाषणांतून. एक ते दोन मिनिटं, विषय तिथल्या तिथे मिळतो. एका मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. 1924 साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे वायएमसीएच्या तळघरात पहिला क्लब भरवला, तेव्हापासून या चळवळीत घड्याळाला मान आहे, आणि ऑफिसातही शेवटी घड्याळच जिंकतं. पूर्वी मी पार्श्वभूमीपासून सुरू करायचे. आता उत्तर आधी. प्लांट हेड विचारतात, “मॅडम, बॅच सोडायची का?”

“नाही सर, आत्ता सोडायची नाही. बोअर वरच्या लिमिटला चिकटलाय. दुपारपर्यंत सॉर्टिंग होईल, मग चांगला माल सोडू.”

(बोअर म्हणजे पार्टमधल्या भोकाचं माप.) नकार पुढेही आणि शेवटीही. कॉम्प्रेसर कितीही ओरडो, अर्थ उलटा होत नाही. विचारणाऱ्याला कारण हवं असेल तर तो विचारतो, आणि बऱ्याचदा विचारत नाही.

घाबरण्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. उभं राहण्याआधी तोंड कोरडं पडतं, अजूनही. कोमट पाण्याचे दोन घोट, आणि हातात सुटा कागद घ्यायचा नाही, तो थरथरतो नि सगळ्यांना दिसतो. जाड पॅड घ्यावं. पहिलं वाक्य पाठ, बाकी नुसते मुद्दे.

ऐकायची सवयही लावून घेतेय. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते. यंदा विषय न बघता जाणार आहे, फक्त वक्ता पहिलं मिनिट कसं घालवतो ते बघायला. सत्कार, हार, ‘व्यासपीठावरील मान्यवर’ यातच ते मिनिट जातं असा माझा अंदाज आहे.

आता पुढचं. क्लबात मूल्यमापकाची भूमिका मागून घेतली आहे : दोन ते तीन मिनिटांत दुसऱ्याच्या भाषणातलं नेमकं काय चाललं आणि काय नाही ते त्याच्या तोंडावर, त्याला न दुखावता सांगायचं. कारखान्यात हेच मला सगळ्यात अवघड जातं. लाइनवरच्या सीनियर ऑपरेटरला, जो मला ‘ताई’ म्हणतो आणि माझ्यापेक्षा ते मशीन जास्त ओळखतो, त्याला सेटिंग चुकतंय हे कसं सांगायचं? कुणी हे जमवलं असेल तर पहिलं वाक्य काय वापरता ते कळवा.