पूर्व हुकली? आधी जुनी उत्तरपत्रिका काढा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या यादीत नंबर नाही म्हटल्यावर सोलापुरातली मुलं-मुली बहुतेक दोनांपैकी एक गोष्ट करतात. काही बॅग भरून पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली शोधायला जातात, काही नव्या पुस्तकांचा गठ्ठा घरी आणतात. दोन्हीकडे पैसे जातात आणि आपण नेमके कुठे पडलो हे बघायचं राहून जातं. ज्या पेपरने घरी बसवलं त्यातूनच पुढच्या वर्षाचं वेळापत्रक निघतं. नवं पुस्तक आणण्याआधी त्या कामाला आठवडा द्या.

लागतात तीन गोष्टी: प्रश्नपत्रिका, ओएमआरची (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची) घरी मिळालेली कार्बन प्रत आणि आयोगाची अंतिम उत्तरतालिका. क्लासवाले त्याच संध्याकाळी टाकतात ती उत्तरं या कामाला नकोत. आयोगही आधी पहिली तालिका देतो, त्यावर हरकती येतात, मग अंतिम तालिकेत काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरं बदलतात. चुकीच्या तालिकेवर केलेलं पोस्टमॉर्टेम चुकीच्या विषयाकडे नेतं.

आता प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा. 'न' म्हणजे हा भाग कधी वाचलाच नव्हता. 'वि' म्हणजे वाचला होता, विसरला. 'दो' म्हणजे दोन पर्यायांवर येऊन अडकलो. 'वा' म्हणजे प्रश्नच चुकीचा वाचला. 'अं' म्हणजे अंधारात गोळी. बरोबर आलेल्या प्रश्नांनाही ही खूण करायचीच. इथेच सगळे आळस करतात. नशिबाने आलेल्या बरोबर उत्तरांना आपण अभ्यास समजतो आणि पुढच्या वर्षी तोच विषय पाडतो.

समजा, जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) १०० प्रश्नांपैकी ८८ सोडवले, ५२ बरोबर आले, ३६ चुकले. प्रश्नाला २ गुण आणि चुकीला त्याचा पाव भाग, म्हणजे अर्धा गुण वजा. १०४ वजा १८, हातात ८६. या ३६ चुकांमध्ये ९ 'वा' निघाले तर ती ज्ञानाची उणीव नाही. एक 'वा' सुधारला की गेलेले २ मिळतात आणि कापलेला अर्धा वाचतो, म्हणजे अडीच गुण. नऊ सुधारले की साडेबावीस. ८६ चे १०८.५ होतात आणि त्यासाठी एकही नवं पुस्तक लागत नाही. उलट 'न' जास्त निघाले तर मात्र वाचन कमी पडलंय, तिथे युक्त्या चालत नाहीत.

'वा' कुठून येतो तेही बघा. 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही' असा प्रश्न घाईत 'अयोग्य' एवढाच डोक्यात शिरतो. पेनने नकारार्थी शब्दाभोवती गोल करायची सवय सरावातच लावा, परीक्षेच्या दिवशी आठवत नाही. दुसरं कारण मराठी पारिभाषिक शब्द. पेपर दोन्ही भाषांत असतो. मराठी वाक्य अडखळलं की शेजारची इंग्रजी ओळ वाचा, दहा सेकंदांत उलगडा होतो.

'दो'चा इलाज वेगळा. हे प्रश्न येतात जवळजवळच्या दोन गोष्टी गोंधळल्यामुळे, म्हणून त्या जोडीनेच लिहायच्या. ७३ वी घटनादुरुस्ती, पंचायती, अकरावी अनुसूची, २९ विषय. तिच्याखाली लगेच ७४ वी, नगरपालिका, बारावी अनुसूची, १८ विषय. वेगवेगळ्या पानांवर लिहिलं की २९ आणि १८ ची अदलाबदल ठरलेली. चुकांची वही म्हणतात ती अशा जोड्यांची असावी. चुकलेला प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढलेली वही कुणी परत उघडत नाही.

तुक्क्याबद्दल बरीच भीती पसरवलेली आहे, म्हणून हिशोब मांडतो. पाव वजा असताना चारही पर्यायांत काहीच कळत नसेल तर सरासरी प्रश्नामागे अष्टमांश गुण मिळतो. म्हणजे फायदा नावापुरता, पण तोटा नाही. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर सरासरी एक तृतीयांश, दोन बाद झाले तर पाऊण गुण. त्यामुळे 'दो' सोडून येणं हा तोटा आहे. यूपीएससीत एक तृतीयांश कापतात, तिथे निव्वळ तुक्क्याची सरासरी शून्यावर येते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी हे डोक्यात वेगळं ठेवावं.

गोल भरण्यात होणारं नुकसान मात्र चूक म्हणून कुठे दिसत नाही. शंभर गोल शेवटच्या दहा मिनिटांत भरायचे ठरवले की एखादा नंबर सरकतो आणि पुढची सगळी रांग सरकते. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरा. सोडलेल्या प्रश्नापुढे पत्रिकेवरच मोठी फुली मारा.

सीसॅटचं, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरचं (उतारे, गणित, निर्णयक्षमता) दुखणं निराळं. आता हा पेपर पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. प्रश्न ८०, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला ०.६२५ वजा. ३० बरोबर आणि १२ चूक असले की ६७.५ होतात, म्हणजे काठावर. ३५ बरोबर आणि १५ चूक असले की ७८ च्या आसपास, तिथे जरा श्वास घेता येतो. कला शाखेची मुलं गणिताला घाबरून सगळा भार उताऱ्यांवर टाकतात आणि विज्ञानवाली 'हे काय, होऊन जाईल' म्हणून एकही पूर्ण पेपर वेळ लावून सोडवत नाहीत. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना गुण कापत नाहीत, ते एकही सोडायचे नाहीत. आणि हा पेपर दुपारच्या सत्रात असतो, जेवणानंतर. त्यामुळे सराव पहाटेच्या गारव्यात करून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा, दुपारी ३ ते ५, जेवून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण ८० प्रश्न सोडवायचे.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार न करता केलेलं वेळापत्रक एप्रिलमध्ये मोडतं. पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याच्या खोलीत दुपारी १२ ते ४ राज्यघटना वाचून काहीही डोक्यात राहत नाही. पहाटे ५ ते १० हे पाच तास अवघड विषयांना द्या: अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था, मुख्य परीक्षेचा वैकल्पिक (आपण निवडलेला) विषय. दुपारी गणितं आणि नकाशा, म्हणजे हात चालणारं काम. संध्याकाळी दोन तास उजळणी. असे आठ-साडेआठ तास वर्षभर टिकतात. बारा-चौदा तासांचा उत्साह साधारण पंधरा दिवस चालतो आणि त्यानंतरचा आठवडा झोपण्यात जातो. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. संक्रांतीच्या त्या तीन-चार दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास राहणाऱ्यांनी नवीन प्रकरण काढूच नये, नंदीध्वजांची मिरवणूक बघून यावी आणि राहिलेल्या वेळात फक्त वही चाळावी.

दुसऱ्या वर्षाचा खरा धोका म्हणजे ओळखीचं पान. आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा उघडलं की 'हे येतंय' असं वाटतं. ओळखता येणं आणि पुस्तक मिटून सांगता येणं यात मोठं अंतर आहे. म्हणून दुसऱ्या वर्षी सुरुवात वाचनाने नको. आधी त्या प्रकरणावरचे मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवा, मग जिथे अडलं तेवढाच भाग वाचा. एका विषयाच्या नोट्स ३०-४० पानांपलीकडे जाऊ देऊ नका. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी, मग दोन महिन्यांनी. प्रत्येक प्रकरणाच्या वरच्या कोपऱ्यात या तारखा लिहीत गेलं की कुठलं प्रकरण सहा महिने उघडलेलं नाही ते लगेच दिसतं. टेलिग्रामवरच्या पीडीएफ तेवढ्या कमी करा. राज्य मंडळाची पुस्तकं, प्रत्येक विषयाला एकच संदर्भग्रंथ आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी एवढं चार वेळा झालं तरी पुष्कळ.

२०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि जुन्या पद्धतीने तयारी केलेल्यांची इथे खरी अडचण झाली. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिकाचे दोन, असे प्रत्येकी २५० चे सात पेपर म्हणजे १७५० गुण, वर मुलाखत २७५. तीन तासांत २५० गुणांचं लिहायचं म्हणजे १० गुणांच्या उत्तराला सात मिनिटं. पूर्व झाल्यावर लिहायला बसू म्हणणाऱ्यांचा हात या वेगाला पोहोचत नाही. रोज एकच उत्तर, घड्याळ लावून, पण आजपासून.

उत्तर कुठे फसतं ते एका प्रश्नावर बघू: सविनय कायदेभंग चळवळीतील सोलापूरचे योगदान, १५० शब्द. नेहमीचं उत्तर पहिले साठ शब्द दांडीयात्रेवर घालवतं आणि मग 'सोलापूरच्या जनतेने मोठा लढा दिला' असं म्हणून संपतं. परीक्षकाच्या हाती काय लागलं? त्याऐवजी पहिल्याच वाक्यात मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी येताच गिरणी कामगार रस्त्यावर उतरले हे यावं. मग गोळीबार, शहरातलं इंग्रजी प्रशासन काही दिवस नावापुरतं उरणं, १२ मे रोजी लागलेला मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना दिलेली फाशी. शेवटची दोन वाक्यं महत्त्वावर: चळवळीत कामगारवर्ग उतरला आणि सर्व धर्मांचे लोक एकत्र होते. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना चारही नावं सलग लिहिता येत नाहीत, हे मात्र खटकतं.

घरचीच माहिती भूगोलातही वापरता येते. उजनी 'मायनस'मध्ये गेली हे आपण दर उन्हाळ्यात बोलतो, पण का ते लिहिता यायला हवं. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या वर मृत साठा. टक्केवारी मोजतात उरलेल्या साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्यावर, म्हणून पाणी मृत साठ्यात उतरलं की आकडा उणे दिसतो. पाणी व्यवस्थापनाच्या उत्तरात एवढी चार वाक्यं इतर जिल्ह्यांतल्या उमेदवारापेक्षा तुम्हाला सहज सुचायला हवीत.

मराठी आणि इंग्रजीचे ३००-३०० चे पेपर पात्रतेपुरते, प्रत्येकी २५ टक्के म्हणजे ७५ गुण. ज्यांच्या घरात कन्नड किंवा तेलुगू बोलतात त्यांनी मराठी पेपर गृहीत धरू नये. बोलताना अडत नाही, पण सारांशलेखन आणि शुद्धलेखनात गुण जातात. महिन्यातून दोन सारांश कुणाकडून तरी लाल पेनने तपासून घ्या. वैकल्पिक विषय मित्राने घेतला म्हणून घेऊ नका. अभ्यासक्रम आणि जुने प्रश्न समोर ठेवून आठ दिवस वाचून बघा, कंटाळा आला तर तेव्हाच बदला. सहा महिन्यांनी बदलणं परवडत नाही.

आयोगाच्याच गट ब आणि गट क परीक्षांचे अर्ज सोडू नका. त्या पूर्वपरीक्षेत तासाभरात १०० प्रश्न असतात, अभ्यासक्रमही बराचसा तोच, त्यामुळे वेगाचा सराव फुकट होतो. फक्त तिच्या आधीचे तीन आठवडे मुख्यचं लेखन रोज एका उत्तरावर आणा, बंद करू नका. आणि मुख्यसाठी पुणे केंद्र आलं तर पेपरच्या दिवशी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडून जायचा विचारही नको. केंद्रापासून चालत जाता येईल अशी खोली आदल्या दिवसापासून शेवटच्या पेपरपर्यंत घ्या. नातेवाइकांकडे उतरलात तर वाचायला वेगळी खोली मिळणार का, हे आधीच फोन करून विचारा.