निवृत्तीच्या पैशाविषयी वाचतो कोण?

नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्तीनगरच्या छोट्या वाचनालयात सोमवारच्या वर्तमानपत्रासोबत येणारी अर्थविषयक पुरवणी दुपारपर्यंत हाताळून पार मऊ झालेली असते. राजकारणाचे पान कोरे करकरीत राहते, पण पुरवणीच्या समासात पेन्सिलीने केलेले हिशेब, व्याजदराखाली ओढलेल्या रेघा आणि कोणीतरी घाईने लिहिलेला आपल्याच ठेवीचा आकडा सापडतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेतून २०१६ साली निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी सकाळी तेथे दोन तास बसते आणि ज्याला अर्ज भरण्यात, पासबुक समजण्यात किंवा कर वाचवण्याच्या कलमांत अडचण असेल त्याला माझ्या कुवतीनुसार मदत करते. या इतक्या वर्षांत म्हातारपणाच्या पैशाविषयी वाचणारी माणसे कोण असतात हे मी जवळून पाहिले आहे, आणि न वाचणारी कोण असतात हे त्याहून अधिक.

वाचणाऱ्यांत सर्वांत मोठा गट आहे तो ज्यांची सोय आधीच झालेली आहे त्यांचा. रेल्वेतून, महालेखाकार कार्यालयातून किंवा अनुदानित शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ अंबाझरीचा फेरफटका आटोपून येतात, चष्मा पुसतात आणि पुरवणी उघडतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना दरमहा पेन्शन मिळते आणि महागाई भत्त्यासोबत ती वाढतही जाते. मग इतके बारकाईने वाचण्याची गरज त्यांना का भासावी, असा प्रश्न मला सुरुवातीला पडत असे. उत्तर मला बँकेच्या काउंटरवरच्या आठवणींत सापडले. ज्या माणसाने आयुष्यभर पगार आला की किराणा, फी आणि घराचा हप्ता यांत वाटून टाकला, त्याच्या खात्यात एके दिवशी ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनच्या कम्युटेशनची, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून आगाऊ घेतलेली, रक्कम एकदम जमा होते. इतकी मोठी रक्कम त्याने कधी पाहिलेली नसते आणि पुन्हा कधी मिळणार नाही हेही त्याला ठाऊक असते. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असे कितीतरी लोक माझ्यासमोर बसत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्तीच जास्त असे. ते वाचतात ते श्रीमंत होण्यासाठी नव्हे, चूक होऊ नये म्हणून. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येणाऱ्या रकमेची मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली तेव्हा आमच्या वाचनालयात जो उत्साह होता तो मी सणाच्या दिवशीही पाहिलेला नाही. एकाच बँकेत किती ठेवायचे हा त्यांचा दुसरा आवडता प्रश्न, आणि तो रास्तच आहे, कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे.

दुसरा गट पंचेचाळिशीच्या आसपासचा आहे आणि त्यांचे वाचन वेगळ्या जातीचे आहे. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी शासनाची पेन्शन, नाही. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच फळ्यासमोर उभे राहणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाचे म्हातारपण शासनाने पत्करलेले आणि दुसऱ्याचे बाजारावर सोपवलेले, अशी स्थिती त्या एका तारखेने निर्माण केली. मार्च २०२३ मधल्या राज्यव्यापी संपात यांतले अनेकजण रस्त्यावर होते. परंतु संप संपला तरी जुन्या पेन्शनऐवजी आलेल्या राष्ट्रीय पेन्शन प्रणालीचे विवरणपत्र हातात येतेच, आणि इक्विटी (शेअरमधली गुंतवणूक), सरकारी रोखे, ॲन्युइटी (साठलेल्या पैशातून विकत घेतलेली पेन्शन) हे शब्द समजून घ्यावेच लागतात. हे शिक्षक माझ्याकडे वही घेऊन येतात आणि विद्यार्थ्यासारखे टिपून घेतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण जे ज्ञान त्यांच्या आधीच्या पिढीला लागलेच नाही ते त्यांना चाळिशीनंतर, शाळा सांभाळून मिळवावे लागत आहे.

पंचविशीतली मुले मात्र वाचनालयात येतात ती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी, आणि मोबाइलवर पाहतात ते उद्या कोणता शेअर चढेल हे. निवृत्ती हा शब्द त्यांना आजोबांचा वाटतो. मी त्यांच्यासमोर एक साधा हिशेब मांडते. दरवर्षी २४,००० रुपये, म्हणजे महिन्याला दोन हजार, पीपीएफच्या, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, आजच्या ७.१ टक्के दराने बाजूला पडत गेले आणि दर तोच राहिला असे धरले, तर पंचविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याजवळ साठीला सुमारे ३४ लाख रुपये जमतात. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याजवळ जमतात सुमारे ६ लाख. पहिल्याने खिशातून भरलेले असतात ८ लाख ४० हजार, दुसऱ्याने ३ लाख ६० हजार. उरलेली सगळी तफावत वर्षांची आहे. हा हिशेब पाहून मुले गप्प होतात; त्यांतली एखादी पुढच्या शनिवारी परत येते आणि तेवढ्यानेही मला बरे वाटते.

ज्यांना या माहितीची सर्वांत जास्त निकड आहे ते तर वाचनालयाची पायरीही चढत नाहीत. इतवारीतल्या पेढीवर तीस वर्षे माल मोजणारा नोकर, हिंगण्याच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, विनाअनुदानित शाळेतल्या बाई, धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री. ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो त्यांनाही पेन्शन म्हणजे नेमके काय मिळणार हे ठाऊक नसते. कर्मचारी पेन्शन योजनेत वेतन कमाल १५,००० रुपये धरतात, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणतात आणि ७० ने भागतात. तीस वर्षे काम करूनही ती रक्कम महिन्याला सात हजारांवर जात नाही, आणि किमान पेन्शन तर २०१४ पासून एक हजार रुपयांवरच आहे. याच नागपुरात जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन निधी सुरू केला होता, हे मी सांगते तेव्हा पुरवणी वाचणाऱ्या काकांनाही आश्चर्य वाटते. त्यानंतर जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लोटली आणि शहरातला बहुसंख्य कष्टकरी अजून कोणत्याही निधीच्या बाहेर आहे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना मी साठीनंतर ठरावीक पेन्शन देणाऱ्या सरकारच्या अटल पेन्शन योजनेविषयी सांगितले तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, साठ वर्सांचं कोनं पाह्यलं जी, आधी पोरीचं लगन हाये." हे अज्ञान नव्हते, त्यांच्या घरातला अग्रक्रम होता. अठराव्या वर्षी जो माणूस या योजनेत शिरतो त्याला पाच हजारांच्या पेन्शनसाठी महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला १,४५४ रुपये. त्यांनी शेवटी एक हजाराच्या पेन्शनचा पर्याय घेतला आणि त्यांच्या मुलीने, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पाच हजारांचा. त्या पाच हजारांचे मोल तिच्या साठीला आजच्यासारखे राहणार नाही हे मी मुलीला सांगितले, कारण महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर नुसत्या तीस वर्षांनंतरचेही पाच हजार आजच्या सुमारे ८७० रुपयांच्या बरोबरीचे असतात. तरीही काही नसण्यापेक्षा ते बरे, आणि पुढे कमाई वाढली की आणखी काही जोडता येते.

परंतु न वाचणाऱ्यांत एक गट असा आहे की तो अगदी वाचणाऱ्यांच्याच घरात राहतो, आणि त्याच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. पुरवणी वाचणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात. त्यांच्या पत्नी वयाने त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी लहान असतात आणि स्त्रिया सरासरीने जास्त जगतात. म्हणजे ज्या पैशाचा अभ्यास नवरा करतो त्या पैशावर शेवटची पाच-दहा वर्षे एकटीने काढायची असतात ती बायकोला.

माझे भाऊजी हे अशा वाचकांतले अग्रणी होते. कात्रणांच्या फायली, व्याजाच्या तारखांचे तक्ते, शेजाऱ्यांना दिलेले विनामूल्य सल्ले, सगळे त्यांच्याकडे होते. ते २०१९ मध्ये अचानक गेले, तेव्हा त्यांची पत्नी, म्हणजे माझी बहीण ताई, सहासष्ट वर्षांची होती आणि तिने कधी एटीएम वापरलेले नव्हते. घरात अकरा पासबुके व प्रमाणपत्रे निघाली. त्यांतल्या दोन जुन्या ठेवींवर नॉमिनी म्हणून भाऊजींच्या आईचे नाव होते आणि त्या माउलीला जाऊन एकवीस वर्षे झाली होती. म्युच्युअल फंडाची विवरणपत्रे ज्या ई-मेलवर येत त्याचा पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला. पेन्शनच्या कागदावर ताईचे नाव एका प्रकारे लिहिलेले, आधारवर दुसऱ्या प्रकारे. भाऊजींची पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी होती, त्यांच्यामागे ताईला मिळणारी फॅमिली पेन्शन तीस टक्क्यांवर आली, आणि तीसुद्धा नावाचा घोळ मिटेपर्यंत थांबली. मी बँकेत आयुष्य काढलेली, तरी सख्ख्या बहिणीला कधी विचारले नव्हते की तुमच्या घरातले पैसे कुठे आहेत हे तुला ठाऊक आहे का. भाऊजींनी काही लपवले नव्हते. तिला त्रास नको म्हणून ते सगळे स्वतः पाहत, आणि ती त्याला त्यांची माया समजत होती. दोघांचेही खरेच होते. सगळे मार्गी लागायला चौदा महिने गेले.

तेव्हापासून शनिवारी जो गृहस्थ व्याजदर विचारायला येतो त्याला मी आधी नॉमिनीचे नाव विचारते आणि पुढच्या खेपेस काकूंना सोबत आणायला सांगते. काही जण येत नाहीत. जे येतात त्यांच्यातल्या काकू पहिली पंधरा मिनिटे नवऱ्याकडे पाहून बोलतात, आणि एकदा पासबुक स्वतःच्या हातात आले की प्रश्न त्यांचेच असतात, आणि ते नेमके असतात: यांच्यानंतर मला किती मिळेल, घराचा कर आणि औषधे त्यात भागतील का, मुलाला न विचारता मी हे मोडू शकते का. गेल्या महिन्यात एका काकूंनी तिथल्याच एका कागदावर आपली सही करून पाहिली, कारण बँकेत ती जुळेल की नाही याची त्यांना शंका होती.

ताई आता दर तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत एकटी जाते, बचत योजनेचे व्याज जमा झाल्याची नोंद करून घेते आणि घरी आल्यावर भाऊजींच्याच तक्त्याखाली, त्यांच्या शेवटच्या ओळीनंतर, स्वतःच्या अक्षरात पुढची ओळ लिहिते.